कापता येईल असं गाणं

टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात लॉइड बिन्फर्ड नावाचे विमा व्यवसायातले एक बडे गृहस्थ राहत. १९२८ पासून १९५५ पर्यंत ते शहराच्या सेन्सॉर मंडळाचे प्रमुख होते. मेम्फिसमध्ये कोणता सिनेमा लागायचा आणि त्यातला किती दाखवायचा, हे त्यांच्या मर्जीवर असे. १९४५ साली त्यांनी 'ब्रूस्टर्स मिलियन्स' अडवला, कारण त्यातला कृष्णवर्णीय नोकर गोऱ्या मंडळींशी फारच बरोबरीनं वागतो. १९४७ साली 'कर्ली' अडवला, कारण त्यात काळी आणि गोरी पोरं एकाच वर्गात बसतात. कृष्णवर्णीय गायिका-नटी लीना हॉर्न हिच्यासाठी मात्र अख्खा सिनेमा अडवायची वेळ सहसा येत नसे. ती जिथं दिसते तेवढी फिल्म कापायची, दोन टोकं जोडायची, की खेळ पुढे चालू. काही गाळलं गेलंय याचा पत्ताही समोर बसलेल्याला लागत नसे.

तो लागू नये याची सोय स्टुडिओनंच करून ठेवली होती.

हा स्टुडिओ मेट्रो-गोल्डविन-मेयर, म्हणजे एमजीएम. मुंबईत धोबी तलावचं मेट्रो थिएटर १९३८ साली ज्यांनी बांधलं, तीच ही कंपनी. नाचगाण्यांचे सिनेमे काढावेत ते एमजीएमनं, अशी तेव्हाची ख्याती. जुडी गार्लंड, एलिनॉर पॉवेल, जीन केली ही तिथलीच माणसं. त्या यादीत १९४२ साली लीना हॉर्न हे नाव आलं. पुढच्या सहा-सात वर्षांत 'थाउजंड्स चीअर', 'स्विंग फीव्हर', 'ब्रॉडवे रिदम', 'टू गर्ल्स अँड अ सेलर', 'झीगफेल्ड फॉलीज', 'वर्ड्स अँड म्युझिक' अशा चित्रपटांत ती आली. आली म्हणजे काय, तर नायक-नायिका एखाद्या क्लबात किंवा नाट्यगृहात जातात, पडदा सरकतो, झगमगत्या गाऊनमध्ये लीना हॉर्न उभी असते. बहुतेक वेळा शेजारी एखादा खांब. ती एक गाणं म्हणते, फार तर दोन. टाळ्या पडतात, पडदा मिटतो. कथेतलं कुणी तिच्याशी बोलत नाही, तीही कुणाशी बोलत नाही. आपल्या तमाशापटातल्या लावणीसमोर निदान पाटील तरी बसलेला असतो आणि त्याच्या नजरेतून गोष्ट पुढे सरकते. इथं तेवढीही गाठ मारलेली नव्हती.

त्या काळी आवाजाची पट्टी फिल्मच्या कडेलाच छापलेली असे, आणि ती चित्राच्या थोडी पुढे धावे. संगीत चालू असताना मध्येच कात्री लावली तर आवाज अडखळतो, पडद्यावरचं चित्र एक दाखवतं आणि कानावर दुसरंच पडतं. लीनाची गाणी मात्र पडद्यानं सुरू होत आणि टाळ्यांनी संपत. दोन्ही कडा स्वच्छ. दक्षिणेतली राज्यं मोठी, थिएटरं पुष्कळ, आणि तिथला गोरा प्रेक्षक कृष्णवर्णीय बाईला मोलकरणीच्या ॲप्रनखेरीज पाहायला तयार नाही, असा हिशेब. उत्तरेत आणि परदेशात तिचं नाव विकायचं, दक्षिणेत तिला गाळायचं. एकाच सिनेमातून दोन्ही बाजारांची कमाई.

या हिशेबाचा उलटा परिणाम स्टुडिओत कुणाच्या ध्यानात आला नसेल. 'स्विंग फीव्हर' किंवा 'ब्रॉडवे रिदम' आज गोष्टीसाठी कोण बघतं? कात्री लागली ती दक्षिणेत पाठवलेल्या प्रतींना, मूळ निगेटिव्ह शाबूत राहिलं, आणि लोक आता त्या चित्रपटांतला नेमका तेवढाच तुकडा शोधून बघतात.

तिला नुसतं बिचारी म्हणून सोडून देता येत नाही, हे तिचं घर पाहिलं की कळतं. जन्म ३० जून १९१७चा, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. हॉर्न कुटुंब कृष्णवर्णीयांमधलं शिकलेलं, प्रतिष्ठित. आजी कोरा कॅलहून हॉर्न सामाजिक चळवळीतली, करारी बाई. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणारी एनएएसीपी ही संस्था तेव्हा नवी होती. आजीनं नातीला इतक्या लहानपणी तिची सभासद करून टाकलं, की १९१९ साली संस्थेच्या पत्रिकेत सर्वांत लहान सभासद म्हणून दोन वर्षांच्या लीनाचा फोटो छापून आला. वडील टेडी हॉर्न मात्र वेगळ्या मुशीतले. जुगार आणि आकड्याच्या धंद्यात रमलेले, रुबाबदार. लेक तीन वर्षांची असताना ते घर सोडून गेले. आई एड्ना नटी, फिरत्या नाटक कंपन्यांतून काम शोधणारी. तिच्यामागे लीनाचं बालपण दक्षिणेतल्या गावोगावी, परक्या घरांतून गेलं. काही काळ जॉर्जियातल्या फोर्ट व्हॅलीत काकाकडे. हे फ्रँक हॉर्न शिक्षक होते, आणि पुढे रूझवेल्ट सरकारात कृष्णवर्णीय सल्लागारांच्या गटात गेले. आजीकडे शिस्त, आईकडे गाठोडं बांधलेलंच. रडायचं नाही, आपली बाजू कुणाला दाखवायची नाही, हा आजीचा धडा पुढे पडद्यावर दिसला असं मला वाटतं.

१९३३ साली, सोळाव्या वर्षी, शाळा सोडून ती हार्लेममधल्या कॉटन क्लबच्या कोरसमध्ये नाचायला लागली. मंदीचे दिवस होते आणि घरात पैसा नव्हता. कॉटन क्लबची तऱ्हा अशी, की रंगमंचावर सगळे कृष्णवर्णीय, ड्यूक एलिंग्टन आणि कॅब कॅलोवेसारखे दिग्गज, आणि टेबलांवर मात्र फक्त गोरे. मालकी गुंडांची. कोरसमधल्या मुली उंच हव्यात, एकविसाच्या आतल्या हव्यात आणि शक्य तितक्या उजळ हव्यात. लीना उजळ होती, तेव्हा हे दार उघडलं. त्याच वर्षी त्या मंचावर एथेल वॉटर्सनं हॅरल्ड आर्लन आणि टेड केलर यांचं नवंकोरं 'स्टॉर्मी वेदर' म्हटलं आणि ते गाणं देशभर गेलं.

कोरसमधून नोबल सिसलच्या वाद्यवृंदात, मग १९३७ साली पिट्सबर्गच्या लुई जोन्सशी लग्न, मुलगी गेल, मुलगा टेडी. संसार टिकला नाही. मुलगी तिच्याकडे राहिली, मुलगा बापाकडे. १९४० च्या सुमारास ती चार्ली बार्नेट या गोऱ्या बँडवाल्याबरोबर गात फिरत होती. त्या दौऱ्यांत बँडच्या पोरांना मिळणारी खोली गायिकेला मिळायचीच असं नाही.

१९४१ साली ग्रीनिच व्हिलेजमधल्या कॅफे सोसायटीत तिला काम मिळालं आणि तिथं तिचं दुसरं शिक्षण झालं. बार्नी जोसेफसननं १९३८ च्या अखेरीला काढलेल्या या क्लबात काळे-गोरे शेजारी बसत. बिली हॉलिडेनं 'स्ट्रेंज फ्रूट' तिथूनच लोकांपुढे आणलं होतं. तिथं लीनाची पॉल रोब्सनशी गाठ पडली. रोब्सन गायक, नट आणि कट्टर डावे. ते तिच्या आजीला ओळखत होते. आपल्या लोकांचा इतिहास त्यांच्या तोंडून ऐकताना आजीचा जुना धडा तिला नव्यानं कळू लागला. ही मैत्री दहा वर्षांनी तिला महागात पडणार होती.

पश्चिमेला ती एका नव्या नाइटक्लबच्या आमंत्रणावरून गेली. युद्धामुळे बांधकामाचं सामान मिळेना, तेव्हा मालकानं छोटेखानी 'लिटल ट्रॉक' उघडून वेळ निभावली. तिथं एमजीएमच्या रॉजर ईडन्सनं तिला ऐकलं आणि तिला थेट निर्माता आर्थर फ्रीडपुढे उभं केलं. योगायोग असा, की १९४२ च्या उन्हाळ्यात एनएएसीपीचं अधिवेशन लॉस एंजेलिसला भरलं होतं. संस्थेचे सचिव वॉल्टर व्हाइट हे राजकारणी वेंडल विल्की यांना सोबत घेऊन स्टुडिओंच्या मालकांना गाठत होते. कृष्णवर्णीय म्हणजे बटलर, मोलकरीण किंवा जंगलातला रानटी, हे आता पुरे, असं त्यांचं म्हणणं. त्यांना एक चेहरा हवा होता आणि तो समोर आयता आला होता.

लुई मेयर यांच्याशी बोलणी करायला लीनानं वडिलांना बोलावून घेतलं. सडपातळ, झकपक सूट घातलेले टेडी हॉर्न स्टुडिओच्या सर्वेसर्वापुढे बसले आणि त्यांनी शांतपणे सांगितलं, की माझ्या मुलीला हवी तर मोलकरीण मी ठेवून देऊ शकतो. तिनं मोलकरणीची कामं करायचं काही कारण नाही. मेयर यांना या थाटाच्या कृष्णवर्णीय बापाशी बोलायची सवय नसावी. करार झाला. सात वर्षांचा. नोकराणीच्या भूमिका नाहीत.

बड्या स्टुडिओनं कृष्णवर्णीय अभिनेत्रीशी केलेला हा पहिला दीर्घ करार, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं सापडतं. ते बरोबर नाही. याच एमजीएमनं १९२९ च्या 'हॅलेलुया'नंतर नीना मे मॅकिनीला पाच वर्षांसाठी बांधलं होतं आणि मग तिला द्यायला भूमिकाच काढल्या नव्हत्या. लीनानं ती गोष्ट मन लावून ऐकली असती तर पुढचं सगळं तिला आधीच दिसलं असतं.

पडद्याच्या चाचणीपासूनच गोंधळ सुरू झाला. रॉचेस्टर या नावानं लोकप्रिय असलेला एडी अँडरसन तिच्या जोडीला होता. ती त्याच्यापेक्षा बरीच उजळ, तेव्हा दोघं एकाच वंशाची दिसावीत म्हणून तिला काळा रंग फासण्यात आला. ते भयानक दिसलं आणि काम गेलं. ते मिळालं एथेल वॉटर्सला. मग मॅक्स फॅक्टर कंपनीकडून तिच्यासाठी खास रंग घोटवून घेतला, त्याचं नाव 'लाइट इजिप्शियन'. तोच रंग पुढे गोऱ्या नट्यांना लावून त्यांच्याकडून मिश्रवंशीय भूमिका करून घेतल्या गेल्या, असं लीनानं पुढे अनेकदा सांगितलं. सांगताना ती हसायची म्हणतात.

हॉलिवूडमधल्या कृष्णवर्णीय नटमंडळींनी तिचं स्वागत केलं असेल, असं वाटेल. तसं झालं नाही. त्यांनी सभा बोलावून तिला फैलावर घेतलं. ज्या बटलर-मोलकरणींच्या भूमिकांवर व्हाइट टीका करत होते, त्यांवरच या माणसांच्या चुली पेटत होत्या. न्यूयॉर्कहून आलेली ही गोरटी पोर एनएएसीपीच्या हातातलं बाहुलं बनून आमच्या पोटावर पाय आणते आहे, असा त्यांचा आरोप. मला तो सगळा खोटा वाटत नाही. लीनाला जे मिळत होतं ते तिच्या रंगामुळेही मिळत होतं, आणि जी सन्मानाची भाषा संस्था बोलत होती तिच्यात सावळ्या, स्थूल, मध्यमवयीन नट्यांना जागा कुठं होती? तिच्या बाजूनं बोलली ती हॅटी मॅकडॅनियल. १९४० साली 'गॉन विथ द विंड'मधल्या मॅमीसाठी ऑस्कर घेणारी, आणि त्याच समारंभात भिंतीकडेच्या वेगळ्या टेबलावर बसवली गेलेली. तिनं लीनाला घरी बोलावलं, जेवू घातलं आणि सांगितलं, की मी मोलकरणींची कामं करते ती पोटासाठी, तू तुझं कर.

१९४३ हे वर्ष मात्र लीनाचं. युद्ध चालू होतं, कृष्णवर्णीय जवान लाखोंनी भरती झाले होते. त्यांच्यासाठी काही दाखवा, असा सरकारचाही आग्रह होता. त्यातून संपूर्ण कृष्णवर्णीय नटसंच असलेले दोन मोठे सिनेमे आले. 'केबिन इन द स्काय' एमजीएमचा, व्हिन्सेंट मिनेली यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट. त्यात लीना मोहिनी घालणारी जॉर्जिया ब्राऊन, आणि सोशिक बायको एथेल वॉटर्स. चित्रीकरणात लीनाच्या घोट्याला दुखापत झाली, कुणीतरी पायाखाली उशी आणून दिली, आणि वॉटर्सचा संयम सुटला. आयुष्यभर अपमान गिळलेल्या त्या बाईला कुणी कधी उशी दिली नव्हती. तिनं सेटवर सगळ्यांचा उद्धार केला आणि त्यानंतर सहा वर्षं हॉलिवूडनं तिला जवळपास बाहेरच ठेवलं.

याच सिनेमात साबणाच्या फेसानं भरलेल्या टबात बसून लीनानं म्हटलेलं 'एन्ट इट द ट्रुथ' हे गाणं होतं. प्रदर्शनापूर्वीच ते काढून टाकलं गेलं. गोरी नटी टबात बसली तर चालते, कृष्णवर्णीय बसली तर नाही, असा त्याचा अर्थ लीनानं लावला. या गाण्याची गोष्ट पुढे दोनदा येणार आहे.

दुसरा सिनेमा 'स्टॉर्मी वेदर'. तो ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचा; एमजीएमनं तिला उसनी दिली होती. नायक बिल 'बोजँगल्स' रॉबिन्सन, वय पासष्ट. नायिका लीना, वय सव्वीस. प्रेमकथा म्हणून ती हास्यास्पद आहे आणि तिकडे लक्ष देऊ नये. लक्ष द्यावं फॅट्स वॉलरकडे, जो त्याच वर्षाअखेर वारला. कॅब कॅलोवेकडे, कॅथरिन डनहॅमच्या नर्तकांकडे आणि निकोलस बंधूंकडे. त्या दोघा भावांनी पायऱ्या-पायऱ्यांवरून एकमेकांच्या डोक्यावरून उडी मारत, दोन्ही पाय फाकून खाली येण्याचा जो प्रकार केला आहे, तसं पडद्यावर पुन्हा क्वचितच कुणाला जमलं. आणि खिडकीपाशी उभी राहून, बाहेर पाऊस पडत असताना, लीनानं ते शीर्षकगीत म्हटलं. दहा वर्षांपूर्वी कॉटन क्लबात ती मागच्या रांगेत नाचत असताना जे एथेल वॉटर्सचं होतं, ते या सिनेमानंतर लीनाचं झालं. वॉटर्सच्या गाण्यात सगळं उद्ध्वस्त झालेली बाई ऐकू येते. लीनाच्या गाण्यात दुःख आहे, पण ते ती तुमच्या हाती देत नाही.

या दोन सिनेमांनंतर एमजीएमनं तिला पुन्हा मोठी भूमिका दिली नाही. खांब आणि गाऊन एवढंच उरलं ते इथून.

सैनिकांमध्ये तिची छबी लोकप्रिय होती. कृष्णवर्णीय जवानांना बराकीत लावायला दुसरी कुठली नटी होती? १९४३ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या रिचमंडमध्ये 'जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर' हे मालवाहू जहाज तिच्या हस्ते पाण्यात सोडलं गेलं. सैन्यात तेव्हा काळ्या-गोऱ्यांच्या पलटणी वेगळ्या. एका छावणीत ती गायला उभी राहिली तेव्हा पुढच्या रांगांत गोरे बसले होते आणि त्यांच्यामागे कृष्णवर्णीय जवान. हे पुढचे कोण, म्हणून तिनं विचारलं. उत्तर मिळालं, जर्मन युद्धकैदी. ती मंचावरून उतरली, कैद्यांना ओलांडून मागे गेली, त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली आणि आपल्या जवानांकडे तोंड करून गायली. अधिकाऱ्यांना ते रुचलं नाही. पुढचे छावण्यांचे दौरे तिनं स्वतःच्या खर्चानं केले.

स्टुडिओशीही खटके उडत होते. 'सेंट लुई वुमन' या ब्रॉडवेवरच्या संगीतिकेत तिनं काम करावं असा फ्रीड यांचा आग्रह होता. त्या संहितेतली बाई तिला आपल्या लोकांची बदनामी करणारी वाटली. तिनं नकार दिला आणि त्याची किंमत मोजली.

सगळ्यात जिव्हारी लागला तो 'शो बोट'. जेरोम कर्न आणि ऑस्कर हॅमरस्टाइन यांच्या या संगीतिकेत ज्यूली नावाची नटी आहे. ती गोरी म्हणून वावरते, गोऱ्या माणसाची बायको असते. तिच्या अंगात कृष्णवर्णीय रक्त आहे हे उघड होतं आणि कायदा तिच्या दारात येऊन उभा राहतो. १९४६ साली कर्न यांच्या जीवनावरच्या 'टिल द क्लाउड्स रोल बाय'मध्ये 'शो बोट'ची छोटी झलक घातली होती. तिच्यात ज्यूली झाली लीना, आणि तिनं ज्यूलीचं गाणं असं म्हटलं की पुढच्या सिनेमासाठी दुसरं नाव सुचायला नको होतं. १९५१ साली एमजीएमनं पूर्ण 'शो बोट' काढला आणि ज्यूली केली एव्हा गार्डनरनं.

कारण साधं होतं. हॉलिवूडच्या आचारसंहितेनुसार काळ्या-गोऱ्यांचे प्रेमसंबंध पडद्यावर दाखवायला मनाई होती. नटी गोरी असेल तर चुंबन दोन गोऱ्यांचंच ठरतं. एव्हा ही लीनाची मैत्रीण. तिनं लीनाच्या ध्वनिमुद्रिका ऐकून गाण्यांची तयारी केली, बिचारीनं मनापासून गायलंही, आणि शेवटी पडद्यावर आवाज लावला तो ॲनेट वॉरनचा. म्हणजे भूमिका लीनाची, चेहरा एव्हाचा, गळा तिसरीचाच.

त्याच सुमाराला ज्यूलीची कहाणी लीना घरी जगत होती. एमजीएममधले संगीतकार लेनी हेटन गोरे, ज्यू. कॅलिफोर्नियात कृष्णवर्णीय आणि गोऱ्यांच्या लग्नाला कायद्यानं बंदी होती, म्हणून १९४७ च्या डिसेंबरात दोघांनी पॅरिसला जाऊन लग्न केलं आणि ते जवळजवळ तीन वर्षं लपवून ठेवलं. १९४८ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी मोडीत काढली, तरी जाहीर करायचा धीर व्हायला १९५० उजाडलं. गोऱ्यांच्या शिव्यांची पत्रं आली आणि कृष्णवर्णीयांच्याही. सुरुवातीला मी हे लग्न धंद्याच्या हिशेबानं केलं, कारण त्यांच्यामुळे मला बंद दारं उघडणार होती, प्रेम नंतर जडलं, असं तिनं पुढे कसलाही आडपडदा न ठेवता सांगून टाकलं.

१९५० च्या जूनमध्ये 'रेड चॅनेल्स' ही पुस्तिका निघाली. रेडिओ आणि दूरचित्रवाणीच्या दुनियेतल्या १५१ संशयित डाव्यांची नावं तिच्यात होती, आणि त्यांत लीना हॉर्न होती. रोब्सन यांची मैत्री, कॅफे सोसायटी, समतेच्या सभा, सगळं गुन्ह्यात जमा झालं. सिनेमा आणि दूरचित्रवाणी दोन्ही बंद. १९५३ साली तिनं हॉलिवूडमधले कामगार पुढारी रॉय ब्रूअर यांना भलंमोठं पत्र लिहून कम्युनिस्टांशी आपला काही संबंध नसल्याचं कळवलं. तिच्या चाहत्यांना हे पत्र आठवायला आवडत नाही. मला त्यात तिची लाज दिसत नाही. रोब्सन यांचा पासपोर्ट काढून घेतला होता, त्यांचे कार्यक्रम बंद पाडले जात होते, आणि लीनाला आपलं घर चालवायचं होतं.

नाइटक्लबांनी तिला तारलं. १९५७ साली वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलातल्या तिच्या मैफलीची ध्वनिमुद्रिका आली आणि आरसीए व्हिक्टर या कंपनीच्या इतिहासात तोवर कुठल्याही गायिकेची विकली गेली नव्हती इतकी विकली गेली. त्याच वर्षी ब्रॉडवेवर 'जमैका' आलं, संगीत हॅरल्ड आर्लन यांचंच. त्यात 'केबिन इन द स्काय'मधून काढून टाकलेलं 'एन्ट इट द ट्रुथ' त्यांनी पुन्हा घातलं आणि लीना ते रोज रात्री भरल्या नाट्यगृहात म्हणू लागली.

त्या काळातली तिची मंचावरची तऱ्हा थंड होती. दात किंचित आवळून शब्द चावत म्हणायचे, डोळे प्रेक्षकांच्या वर कुठंतरी. गाणं ऐका, मी तुमच्यासाठी इथं नाही, असा भाव. पैसे देणाऱ्या गोऱ्या श्रीमंतांना तो थाट फार आवडे. आपला राग समोरच्यांना मोहक वाटतो आहे, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

तो राग एकदाच उघड्यावर आला. १९६० च्या फेब्रुवारीत बेव्हर्ली हिल्समधल्या 'लूआऊ' रेस्टॉरंटात शेजारच्या टेबलावरच्या एका दारुड्यानं तिला वंशावरून घाण शिवी दिली. लीनानं टेबलावरचा दिवा, ग्लास, राखदाणी, जे हाताला लागलं ते त्याच्यावर भिरकावलं. त्याच्या कपाळातून रक्त आलं. वर्तमानपत्रांत बातमी झळकली, आणि तिला आश्चर्य वाटलं ते कृष्णवर्णीयांकडून आलेल्या अभिनंदनाच्या तारांचं. आपण त्यांच्यापासून दूर, काचेमागे राहिलो असं तिला वाटत होतं. त्यांना तसं वाटत नव्हतं.

पुढची तीन वर्षं नागरी हक्कांच्या चळवळीची. २४ मे १९६३ रोजी लेखक जेम्स बाल्डविन काही मंडळींना घेऊन ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांना न्यूयॉर्कमध्ये भेटले. त्या वादळी बैठकीत ती होती. ७ जूनला मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात चळवळीचे कार्यकर्ते मेडगर एव्हर्स यांच्या सभेत ती गायली. पाचव्या दिवशी, मध्यरात्र उलटता-उलटता, घरासमोरच गोळी घालून एव्हर्स यांचा खून झाला. ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनच्या मोर्च्यात ती पुन्हा उभी होती.

१९७० साली वडील गेले. त्याच वर्षी मूत्रपिंडाच्या विकारानं मुलगा टेडी गेला. १९७१ च्या एप्रिलमध्ये लेनी हेटन गेले. त्यानंतरची काही वर्षं तिच्याकडून फारसं काही ऐकू आलं नाही. १९७८ साली 'द विझ'मध्ये ती परी होऊन थोडा वेळ दिसली. दिग्दर्शक सिडनी लुमेट हे तिच्या लेकीचे तेव्हाचे यजमान. १९८० साली तिनं निवृत्ती जाहीर करून निरोपाचा दौराही काढला.

निरोप कसला. १२ मे १९८१ रोजी ब्रॉडवेच्या नेडरलँडर नाट्यगृहात 'लीना हॉर्न : द लेडी अँड हर म्युझिक' सुरू झालं तेव्हा ती चौसष्टीला टेकली होती. प्रयोगात तिचीच गाणी, तिचीच गोष्ट. एमजीएमची, लाइट इजिप्शियनची, एव्हा गार्डनरची. ती घाम पुसत बोलायची, खिदळायची, प्रेक्षकांची फिरकी घ्यायची, गुरगुरायची. 'स्टॉर्मी वेदर' ती दोनदा म्हणायची. आधी जुन्या सिनेमातल्यासारखं, नीटस, हातचं राखून. मग उत्तरार्धात दुसऱ्यांदा, तेव्हा तेच गाणं पोटातून यायचं, सूर ओरखडत, मध्येच थांबत, कुणाला आवडेल याची पर्वा न करता. या दुसऱ्या गाण्याची ध्वनिमुद्रिका आहे आणि मला विचाराल तर तिनं मागं ठेवलेल्यांत तिच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही. खेळाचे ३३३ प्रयोग झाले. शेवटचा झाला ३० जून १९८२ रोजी, तिच्या पासष्टाव्या वाढदिवशी. खास टोनी पुरस्कार मिळाला, ग्रॅमी मिळालं.

१९९४ साली एमजीएमच्या जुन्या खजिन्यावर आधारलेला 'दॅट्स एन्टरटेनमेंट! ३' निघाला. कंपनीनं आपल्याच वैभवाचं कौतुक करायला काढलेली ही मालिका, आणि या भागात एक निवेदिका होती लीना हॉर्न, वय शहात्तर. 'शो बोट' आपल्याला का मिळाला नाही, हे तिनं कॅमेऱ्याकडे बघत सांगितलं. त्याच चित्रपटात एव्हा गार्डनरच्या स्वतःच्या आवाजातलं, वापरलं न गेलेलं गाणं ऐकवलं गेलं. आणि ५१ वर्षांपूर्वी काढून टाकलेला फेसाच्या टबाचा तुकडाही दाखवला गेला. तो पाहून या कात्रीमागचं कारण नेमकं काय असेल, याचं आजच्या माणसाला नवल वाटतं, कारण फेस गळ्यापर्यंत आहे आणि तिचा चेहरा नि दंड सोडले तर काही दिसतच नाही.